ओली गोधडी: रात्री डायपर का गळतो आणि काय करावं

पहाटे चारच्या सुमाराला लेकरू कुरकुरतं, तुम्ही अंधारात हात फिरवता आणि झबलं, दुपटं, खालची गोधडी, सगळं ओलं लागतं. डायपर मात्र अंगावर जागच्या जागी. पहिल्या पोराच्या वेळी माझे दोन महिने असेच गेले. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. इथं किराणा दुकानात एक-दोन नगांची पाकिटं माळेसारखी लटकलेली असतात आणि कंपनी कोणतीही असो, गिऱ्हाईक ‘हगीज द्या’ असंच म्हणतं. एक गळला की दुसऱ्या कंपनीचा आणायचा, तो गळला की त्याहून महागाचा. तिसऱ्या कंपनीचाही गळला तेव्हा शंका आली की चूक माझ्या घालण्यात असावी.

होतीच. पुढं जे लिहिलंय ते साधारण एक ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी आहे. बापांनीही वाचावं, रात्री डायपर बदलायला आईचेच हात लागतात असं काही नाही.

आधी एक डायपर परातीत ठेवा

एक डायपर वाया जाईल, जाऊ द्या. तो उघडून परातीत पसरा. दुधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असतात, तिच्यात १०० मिली पाणी घ्या. अर्धं पाणी मधोमध, हळूहळू, थेंबाथेंबानं ओता. वरून बोट लावलं तर जवळजवळ कोरडं लागेल. आता उरलेलं अर्धं एकदम ओता. पाणी आत मुरायच्या आधी वरच्यावर घरंगळतं, कडेपर्यंत जातं, थोडं परातीत सांडतं. मिनिटभरानं पाहाल तर जे आत राहिलं ते सगळं शोषलेलं असतं.

मग तो डायपर फाडून बघा. आत लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात फुगलेले, गिळगिळीत दाणे दिसतील, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. या दाण्यांचं नाव सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ते धरून ठेवतात, पण त्यांना थोडा वेळ द्यावा लागतो. शिवाय लघवीत क्षार असतात, त्यामुळे साध्या पाण्याच्या मानानं लघवी बरीच कमी मावते.

लहान मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टर लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे: वयात २ मिळवा आणि ३० नं गुणा. म्हणजे दोन वर्षांच्या लेकराचं झालं साधारण १२० मिली. एवढं एका दमात, एकाच जागी आलं तर परातीत झालं तेच अंथरुणात होतं. बऱ्याचदा गळतो तो डायपर भरलेलाही नसतो. लघवी मुरायच्या आधीच तिला बाहेरची वाट सापडलेली असते. ती वाट कोणती, एवढंच शोधायचं आहे.

तीन रात्री फक्त ओल बघा

काही बदलू नका, नवीन पाकीट आणू नका. ओलं झालं की मोबाईलची बॅटरी लावून तीन गोष्टी बघा: कपडे कुठं ओले आहेत, डायपर कुठं फुगलाय, आणि लेकरू कोणत्या कुशीवर झोपलंय.

माझ्या पोराचं असं निघालं. झबलं बेंबीपाशी ओलं. डायपर पुढून दगडासारखा टणक आणि मागून हात लावला तर कोरड्या कागदासारखा करकरीत. पोरगा झोपायचा पालथा. म्हणजे निम्मा डायपर रात्रभर रिकामाच, आणि पुढं पूर.

ओल पोटाकडे असेल तर लेकरू पालथं झोपतंय, किंवा मुलगा असेल तर त्याची शूची जागा वर वळलेली राहिलीय. मांडीपाशी असेल तर झालर आत दुमडलीय किंवा माप चुकलंय. पाठीकडे असेल तर कंबर ढिली आहे, किंवा लेकरू उताणं किंवा झोळीत झोपतं. मुलींच्या बाबतीत हे जास्त दिसतं. आणि चहूबाजूंनी ओलं, डायपर पुढून-मागून सगळा जड, गुडघ्यापर्यंत लोंबलेला असेल, तर तो खरोखरच भरलाय. एवढ्या एकाच वेळी जास्त शोषणारा डायपर आणायला अर्थ आहे.

माप वयावर नसतं, वजनावर असतं

दुकानात ‘दीड वर्षाच्या पोराचा द्या’ म्हटलं की दुकानदार हाताला येईल तो देतो. बहुतेक पाकिटांवर एम म्हणजे ७ ते १२ किलो, एल ९ ते १४ आणि एक्सएल १२ ते १७ असं छापलेलं असतं. कंपनीगणिक थोडं मागंपुढं. वजन कुठून आणायचं? अंगणवाडीत दर महिन्याला होतंच की. ताईंना विचारा, माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलंही असेल.

मापं एकमेकांवर चढलेली आहेत हे लक्षात आलं असेल. १० किलोचं लेकरू एममध्येही बसतं आणि एलमध्येही. अशा लेकराला दिवसा एम आणि रात्री एल घाला. मोठ्या मापात शोषणारा भाग जास्त असतो. पण मांडीपाशी फट राहत असेल तर मोठं माप उपयोगाचं नाही, उलट जास्त गळेल. बारीक मांड्यांच्या लेकराला ही अडचण येते. त्याला एमच बरा, आणि मध्यरात्री एकदा बदलायचा. डायपर काढल्यावर मांडीवर लाल वळ उठलेले दिसले तर मात्र माप लहान झालंय.

पाकिटावरची किंमतही बघत जा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांच्या डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय.

घालायचा कसा

खेड्यात मिळतात ते बहुतेक चड्डीसारखे, पायातून वर ओढायचे. ते घालणं सोपं वाटतं, म्हणूनच चुका होतात.

पहिली चूक म्हणजे पुढचं मागं. अंधारात हमखास होते. ज्या बाजूला गुंडाळून चिकटवायची पट्टी असते ती मागची बाजू.

दुसरी चूक झालरीची, आणि माझ्या मते गळतीचं सर्वांत मोठं कारण हेच. डायपरला मांडीपाशी दोन झालरी असतात. एक बाहेरची, ती दिसते. दुसरी आतली, पातळ, उभी राहणारी. लघवीला बांध घालायचं काम तिचं. डायपर वर ओढला की बाहेरची झालर आत दुमडते आणि आतली आडवी पडते. वावरात बांध फुटला की पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यात जातं, तसंच. घालून झाल्यावर दोन्ही मांड्यांच्या जांघेतून एक बोट पुढून मागं फिरवा आणि झालर बाहेर काढा. दहा सेकंदांचं काम आहे. मी हे सुरू केलं आणि आमची अर्धी गळती त्याच आठवड्यात थांबली.

मुलगा असेल तर घालताना शूची जागा खालच्या दिशेला करा. वर राहिली तर लघवी सरळ कंबरपट्ट्यात जाते. आणि पालथं झोपणाऱ्या मुलासाठी पुढची बाजू बेंबीच्या जरा खालपर्यंत नीट वर ओढलेली असू द्या, लोंबती नको.

कंबर इतकी घट्ट की दोन बोटं जातील, तीन जाणार नाहीत.

करदोड्याचं काय करायचं

हे मला कोणत्याही पाकिटावर लिहिलेलं सापडलं नाही. आपल्याकडे लेकराच्या कमरेला काळा करदोडा असतो, कुणाच्या त्यात चांदीचा मणी, कुणाच्या ताईत. डायपरचा पट्टा त्यावर बसला की मण्यापाशी फट राहते. त्याहून वाईट म्हणजे करदोडा अर्धा आत आणि अर्धा बाहेर राहिला की तो दिव्यातल्या वातीचं काम करतो. वात तेल वर ओढते, तसा हा दोरा लघवी ओढून बाहेरच्या झबल्याला देतो. डायपर अर्धा कोरडा आणि झबलं मात्र ओलं, हे कोडं मला एकदा करदोड्यानंच घातलं होतं.

करदोडा काढायची गरज नाही, घरात वादही नकोत. डायपर घालून झाला की तो पूर्ण वर, पोटावर सरकवा. झबल्याचं टोक, बनियनची कड, दुपट्याचा कोपरा, यातलं काहीही पट्ट्याच्या आत खोचलेलं राहू देऊ नका. त्यांचंही तेच होतं.

झोळीत झोपणाऱ्या लेकराचं अंग कमरेत दुमडतं, पाय वर येतात आणि डायपर मागं उघडा पडतो. पाठीकडे ओल येत असेल आणि लेकरू झोळीत असेल, तर झोप लागल्यावर त्याला उचलून सपाट अंथरुणावर ठेवा. दुसरा काही इलाज करून बघायच्या आधी हा करा.

दूध, पाणी आणि टरबूज

रात्री ओलं होतं म्हणून लेकराचं पाणी तोडू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात लेकराला तहानलेलं झोपवणं धोक्याचं आहे. करायचं एवढंच की दिवसभर भरपूर पाजायचं, म्हणजे संध्याकाळी सातला ते हंडाभर पाणी मागत नाही. बाटलीचं किंवा पेल्यातलं दूध झोपायच्या तासभर आधी द्यावं, मग शू करवून डायपर घालावा. टरबूज, उसाचा रस, ताक हे दुपारचं खाणं. आमच्याकडे एकदा रात्रीच्या जेवणानंतर पाव्हण्यांनी टरबूज कापलं, पोरानं दोन फोडी हाणल्या, आणि त्या रात्री मला तीन दुपटी बदलावी लागली.

अंगावर पिणारं लेकरू रात्री पिणारच. डायपर गळतो म्हणून पाजणं बंद करू नये. मध्यरात्री पाजायला उठाल तेव्हाच बदलून टाका.

ऋतूचाही फरक पडतो. थंडीत घाम येत नाही, त्यामुळे लघवी जास्त होते. उन्हाळ्यात कूलरसमोर झोपलेल्या लेकराचंही तेच. लाईन गेली की उलट: घाम सुटतो, डायपरच्या आत घामोळं येतं. कूलर चालू असलेल्या आणि बंद पडलेल्या रात्रींचा हिशेब वेगळा ठेवा.

बदलायची वेळ म्हणाल, तर लेकरू आठला झोपलं आणि तुम्ही दहा-साडेदहाला पडता, तेव्हा पडायच्या आधी एकदा हात लावून बघा. डायपरवरची पिवळी रेघ निळी किंवा हिरवी झाली म्हणजे ओल लागली एवढाच अर्थ. भरला असा नाही. खालून तळहातावर तोलून बघा. जड लागला तर दिवा न लावता बदला. चड्डीचा डायपर खाली ओढू नका, दोन्ही बाजूंची शिवण फाडा, तो सुटा होऊन हातात येतो. शी केली असेल तर मात्र वाट बघायची नाही, लगेच बदलायचा.

दोन डायपर एकावर एक घालू नका

हा उपाय मला तिघींनी सांगितला. डायपरला बाहेरून प्लास्टिकचा पडदा असतो. आतल्यातून लघवी बाहेरच्यात जातच नाही, ती मांडीतूनच गळते. लेकराला नुसतं दुप्पट उकडतं. जास्त शोषण हवंच असेल तर प्लास्टिक नसलेली जोडपट्टी मिळते, ती डायपरच्या आत ठेवायची. ती भरली की पुढची लघवी खालच्या डायपरात उतरते.

अंथरूण

कितीही काळजी घेतली तरी एखादी रात्र गळणारच. कापसाची गादी एकदा आतपर्यंत भिजली की मे महिन्यात दिवसभरात वाळते आणि श्रावणात चार दिवस वास मारते. म्हणून गादीवर मेणकापड, त्यावर सुती दुपटं. त्यावर पुन्हा एक मेणकापड आणि पुन्हा एक दुपटं. रात्री ओलं झालं की वरची जोडी ओढून बाजूला टाकायची, खाली कोरडं अंथरूण तयार. बाजेवरही हेच, नाहीतर लघवी निवारीत उतरते आणि निवार धुणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

मेणकापडाच्या कडा गादीखाली घट्ट खोचा. सुटं, पातळ प्लास्टिक लेकराच्या तोंडापाशी नको. त्यानं श्वास कोंडतो. आणि खताची किंवा फवारणीच्या औषधाची रिकामी गोणी धुऊन अंथरायची सवय काही घरांत आहे, ती मोडा. धुतली तरी ती लेकराच्या अंगाखालची वस्तू नव्हे.

लंगोट वापरत असाल तर खारं पाणी सांभाळा

आमच्या सासूबाईंना डायपर मान्यच नव्हता. “कायले बांधतं व त्याले हे प्लास्टिक? लंगोट का कमी हायेत घरात?” त्यांचं दिवसापुरतं मी ऐकलं. दिवसा लंगोट, रात्री डायपर, असं आमचं जमलं आणि खर्चही आटोक्यात आला. काही घरांत रात्रीही लंगोटच असतो, वरून न झिरपणारी चड्डी घालून. तेही चालतं, पण लंगोट शोषणारा हवा.

आता आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत बोअरचं पाणी खारं आणि जड. साबणाला फेस येत नाही. वडीचा साबण अशा पाण्यात विरघळायच्या ऐवजी पांढुरका थर होऊन कापडाच्या धाग्यांवर बसतो. लंगोट दिसतो स्वच्छ, पण लघवी आत जाण्याऐवजी वरून ओघळते. ओळखायचं कसं? वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा थेंब टाका. लगेच पसरला तर ठीक. मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर थर चढलाय.

असा लंगोट साबण न लावता गरम पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा. रोजच्या धुण्याला वडीऐवजी धुण्याची पावडर, तीही थोडी, आणि शेवटचं पाणी नळाला येणारं धरणाचं घ्या. पावसाळ्यात पहिला पाऊस जाऊ देऊन पागोळ्यांचं पाणी धरलं तर त्याच्यासारखं मऊ पाणी नाही. (तेव्हा नेमकं ऊन नसतं, ही गोष्ट वेगळी.) कपडे मऊ राहावेत म्हणून घालायचं सुगंधी द्रावण लंगोटाला लावू नका, त्यानंही शोषण जातं.

नवं सुती कापड चार-पाच धुण्यांशिवाय नीट शोषत नाही. सर्वांत चांगला लंगोट जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा, हे सासूबाईंचं म्हणणं मला मान्य आहे.

कातडी, आणि डॉक्टरांकडे कधी

मलम किंवा खोबरेल लावाल तर पातळ हात फिरवा. जाड थर डायपरच्या वरच्या कापडाला लागतो आणि लघवी आत मुरू देत नाही. पावडर उडवू नका, ती श्वासातून छातीत जाते. संध्याकाळी तासभर लेकराला तसंच उघडं खेळू द्या.

लाली दोन-तीन दिवसांत उतरत नसेल, तिच्या कडेनं बारीक लाल ठिपके उठत असतील, शू करताना लेकरू रडत असेल, किंवा कारण नसताना ताप येत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आशाताई सोबत येतात. आणखी एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. आतापर्यंत ठीक असलेलं लेकरू अचानक घटाघट पाणी प्यायला लागलं, रोज डायपर तुडुंब भरायला लागला आणि अंगानं उतरलं, मलूल पडलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांनाही मधुमेह होतो, आणि त्यात थांबायला वेळ नसतो.

वापरलेल्याचं काय

शी संडासात टाका, डायपर गुंडाळून पट्टीनं चिकटवा, कागदात बांधा. डायपर संडासात टाकलात तर आतले दाणे फुगून भांडं तुंबवतात. उकिरड्यावरही नको. एके वर्षी उन्हाळ्यात शेणखताची ट्रॉली वावरात रिकामी केली, आणि पऱ्हाटीच्या तासात डायपरची निळी-पांढरी चिरगुटं निघाली. ती माझीच होती. लेकराची वस्तू जाळू नये असं सासूबाई म्हणतात. कारण त्यांचं वेगळं आहे, माझं प्लास्टिकच्या धुराचं आहे. घनकचऱ्याचे सरकारी नियमही असंच सांगतात की डायपर बांधून वेगळा ठेवायचा आणि कचरा नेणाऱ्याकडे द्यायचा. गावात घंटागाडी येत नसेल तर डायपर फक्त रात्रीपुरताच वापरा, म्हणजे बांधून ठेवायचे कमी होतात.

सोडायचा कधी

सलग आठवडाभर सकाळी डायपर कोरडा निघाला की रात्रीचा डायपर काढून बघायला हरकत नाही. झोपायच्या आधी मोरीवर नेऊन शू करवा. काही लेकरं तिसऱ्या वर्षी कोरडी राहतात, काही पाचव्या वर्षापर्यंत ओलं करतात. यात हट्ट किंवा आळस नसतो, रात्री लघवी कमी करणारं शरीरातलं संप्रेरक काहींच्यात उशिरा साथ देतं. रागावून ते लवकर येत नाही. मेणकापड मात्र डायपर सुटल्यावरही दोन-तीन महिने गादीवरून काढू नका, आणि मामाच्या गावाला जाताना पिशवीत सगळ्यांत आधी तेच ठेवा.